अकरा वर्षं, दहा यार्ड

मक्याच्या पावाचा तुकडा लेम्युएल पेटवेने ताटाच्या कडेला उभा केला, त्याच्या डोक्यावर बोटाने टिचकी मारली आणि तो तुकडा टेबलावरून दोन उड्या घेत थेट बायकोच्या, व्हर्डेलच्या, पालेभाजीत जाऊन पडला.

"बघितलंस? तुझं लक्ष होतं का?"

"मी जेवत होते, लेम."

"तेच सांगतोय! जेवणाऱ्याच्याच ताटात मारायची असते. सावध बसलेल्याच्या ताटात मारून काय उपयोग?"

व्हर्डेलने तुकडा काढून बाजूला ठेवला. गेली अकरा वर्षं ती हे ऐकत होती. तिच्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली गवत उगवत नव्हतं, कारण तिथे लेम्युएल रोज संध्याकाळी चेंडू ठोकायचा.

अमेरिकन फुटबॉलचा, त्या लांबोळक्या चेंडूच्या खेळाचा, साधा रिवाज असा, की खेळ सुरू करताना एका बाजूने चेंडू लाथेने दूर समोरच्यांच्या हद्दीत धाडायचा आणि समोरच्यांनी तो झेलून उलट चाल करायची. पण नियमातच एक फट आहे. चेंडू दहा यार्ड गेला, की तो कोणाचाही. मग लांब मारायचाच कशाला? मोजून दहा यार्ड मारायचा आणि आपणच त्यावर झडप घालायची. हीच ऑनसाइड किक. बाकीचे कोच ती कधी काढतात? सामना हातचा गेल्यावर, शेवटच्या मिनिटाला, जेव्हा शेंगदाणे विकणाऱ्यालाही ती येणार हे ठाऊक असतं. मग दहातल्या नऊ वेळा तोंडावर आपटतात आणि म्हणतात, नशीब. लेम्युएल म्हणायचा, नशीब नव्हे, वेळ चुकली. मध्यंतरानंतर पहिल्याच किकला मारा, लोक जागेवर येऊन बसायच्या आत. त्यासाठी त्याने एक खास किक बसवली होती. पहिला टप्पा जमिनीला चिकटून, दुसराही तसाच, आणि तिसरा टप्पा असा उंच, की खाली धावत आलेल्या आपल्या पोराच्या छातीत अलगद उतरावा.

कॉटर्सव्हिलच्या शाळेत तो तीस वर्षं दुय्यम कोच होता. या अकरा वर्षांत तीन मुख्य कोच झाले आणि तिघांनीही त्याला एकच उत्तर दिलं, "पुढच्या वर्षी बघू." सध्याचा टॅरन्स गूल्सबी तर त्याच्याच हाताखाली खेळलेला. तोही हेच म्हणे, फक्त पाया पडल्यासारखा वाकून. आणि आता पुढचं वर्ष नव्हतंच. येत्या शुक्रवारी ब्राउन्स लँडिंगशी शेवटचा सामना, आणि त्यानंतर लेम्युएल निवृत्त.

"एकदाच," तो म्हणाला. "एकदा ती मैदानात पडलेली बघायची आहे. हरलो तरी चालेल."

"मग चर्चमध्ये बुधवारच्या प्रार्थनेला सांग की," व्हर्डेल म्हणाली. "सगळे आपापलं दुखणं सांगतात. सिस्टर हॅटीने गुडघा सांगितला, बरा झाला."

"हे गुपित आहे, व्हर्डेल."

"देवापासून गुपित?"

लेम्युएलने बाजूला ठेवलेला तो पावाचा तुकडा उचलून खाऊन टाकला.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेची वेळ आली तसा तो उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "माझी एक इच्छा आहे. अकरा वर्षांची. शुक्रवारी तिला संधी मिळावी, एवढी प्रार्थना करा." आणि बसला. इथवर सगळं ठीक होतं. पण चर्चचे पाद्री रेव्हरंड स्किनर हे मोघम प्रार्थना करणारे गृहस्थ नव्हते. ते उतरून त्याच्या बाकाशी आले आणि कानाला लागले.

"ब्रदर पेटवे, देवासमोर नुसता अर्ज टाकून चालत नाही. खाली मजकूर लागतो. सांगा."

देवाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? लेम्युएलने हळूच त्यांच्या कानात सगळं सांगितलं. रेव्हरंडनी मान डोलावली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आरंभी साधं बोलणं. मग ऑर्गनवाल्याने खालून एक सूर सरकवून दिला, तसं बोलणं गाण्यावर आलं. आणि त्यांचं एकदा गाण्यावर आलं, की त्यांच्या आणि देवाच्या मधे कोणी उभं राहू शकत नसे. तो आवाज खरोखरच सोन्याचा होता. पाषाणाला पाझर फुटावा असा.

"प्रभो, मध्यंतर संपेल!"

"संपेल, प्रभो!" सगळं चर्च म्हणालं.

"लोक दूर मारतात, प्रभो, आम्ही जवळ मारू!"

"जवळ मारू!"

"दहा यार्ड, प्रभो! अकरा नको, नऊ नको!"

"नऊ नको!"

"डावीकडे, प्रभो! पाहुण्यांच्या बाकासमोर, डावीकडे!"

बायका उभ्या राहिल्या. हातातले पंखे हलायला लागले. लेम्युएल दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता, पण तो सूर वरच्या पट्टीला गेला, की माणसाला भान राहत नाही. रेव्हरंड जेव्हा "आणि दुसऱ्या टप्प्याला, प्रभो, उंच उठव!" असं गाऊन गेले, तेव्हा त्याच्याने राहवलं नाही. तो बाकावरून उठला आणि डोळ्यांतून धारा वाहत असताना ओरडला, "तिसऱ्या! तिसऱ्या टप्प्याला!"

"तिसऱ्या, प्रभो!" छप्पर हादरलं.

गायकवृंदात सिस्टर ओडेसा क्रूम होत्या; त्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणत. त्या बाईंच्या मनात कपट नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर त्यांनी लेकीला फोन केला, "बाळा, ब्रदर पेटवेसाठी प्रार्थना कर गं. बिचाऱ्याची शेवटची संधी आहे." आणि सगळं सांगितलं, कारण अपुऱ्या माहितीवर प्रार्थना कशी करणार? लेक ब्राउन्स लँडिंगला दिलेली. तिने गुरुवारी सकाळी आपल्या चर्चच्या बायकांना फोन लावले, आणि त्या बायकांनी, शत्रूचा असला तरी म्हातारा भला आहे म्हणून, मनापासून हात जोडले. या लेकीचा नवरा रॉस्को बिब. तो ब्राउन्स लँडिंगचा मुख्य कोच होता, आणि रात्री जेवायला बसल्यावर बायकोने आशीर्वाद मागितले तेही लेम्युएलच्याच नावाने, डावीकडच्या दिशेसकट. बिबने 'आमेन' म्हटलं आणि जेवण अर्धं टाकून तो उठला.

शुक्रवारी मध्यंतराला कॉटर्सव्हिल चार गुणांनी मागे होतं. खोलीत टॅरन्स गूल्सबी लेम्युएलपाशी आला. त्याचे डोळे लाल होते.

"कोच, काल माझ्या आईचा फोन आला. म्हणाली, त्या माणसाने तुला बुटाची नाडी बांधायला शिकवलं आणि तू त्याला एक किक देऊ शकत नाहीस? अख्खं गाव प्रार्थना करतंय. मारा. तुमची मारा."

लेम्युएल उठला. अकरा वर्षं. तो धावतच बाहेर आला, पहिल्यांदाच खेळायला आलेल्या पोरासारखा मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि समोर बघितलं.

समोर डावीकडे ब्राउन्स लँडिंगची नऊ पोरं भिंतीसारखी उभी होती. त्यांत तीन बास्केटबॉलवाली, सहा-सहा फूट उंच, हाताचे पंजे परातीएवढे. आणि त्यांच्या मागे? मागे काहीच नव्हतं. अर्धं मैदान ओस पडलेलं. लांब मारली असती तर चेंडू तिथे अनाथासारखा लोळला असता आणि आपली पोरं चालत जाऊन उचलून आली असती.

त्याने गूल्सबीची बाही धरली. "टॅरन्स, नको. लांब मार."

"काय?"

"त्यांना कळलंय. मागे बघ, मागे कोणी नाहीये. चेंडू लांब घाल, सामना आपला आहे!"

गूल्सबीने त्याच्याकडे बघितलं, फार प्रेमाने बघितलं. "कोच, घाबरू नका."

"अरे घाबरत नाहीये! बघ ना जरा तिकडे!"

"इतकी वर्षं तुम्ही माझं डोकं खाल्लंत, ही मार, ही मार म्हणून. आज मी हो म्हणतोय तर तुमचा विश्वास डळमळतो? ऐका ते."

स्टँडमधून आवाज येत होता. रेव्हरंड पहिल्या रांगेत उभे होते, आणि सारं चर्च त्यांच्यामागे डोलत होतं. "डावीकडे, प्रभो! डावीकडे!"

"पण त्यांनी पण ऐकलंय ते!" लेम्युएल कळवळून म्हणाला. "टॅरन्स, मी हात जोडतो!"

"हात जोडायचे ते तिकडे जोडा, कोच," गूल्सबी वर बोट दाखवून म्हणाला, आणि मारणाऱ्या पोराला खूण केली.

किक निर्दोष होती. हे लिहून ठेवायला हवं, कारण नंतर कोणीच ते म्हटलं नाही. पहिला टप्पा जमिनीला चिकटून. दुसराही तसाच. मग तिसऱ्याला चेंडू असा उठला, की जणू तो गवतातून नव्हे तर लेम्युएलच्या बरगड्यांतून वर आला. दहा यार्डांवर वीतभर. आणि तो अलगद, प्रार्थनेत मागितला होता तसा, खाली उतरला, एका बास्केटबॉलवाल्याच्या हातात. त्या पोराला पाऊलसुद्धा हलवावं लागलं नाही.

चार चालींत त्यांनी गुण घेतले. कॉटर्सव्हिल अकरा गुणांनी हरलं.

सामना संपल्यावर चर्चमधली माणसं त्याच्याजवळून गेली ती बाजार उठल्यासारखी, जमिनीकडे बघत. सिस्टर हॅटी तेवढी थांबली.

"ब्रदर पेटवे, आम्ही कमी पडलो नाही हो. पण तुम्हीच कडेला उभं राहून नको नको करत होतात. आम्ही डोळ्यांनी बघितलं. मोहरीएवढा विश्वास पुरतो म्हणतात. तेवढाही नव्हता का?"

गूल्सबी आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या, कोच. एकदा करून बघायची होती, बघितली. आता मनात राहणार नाही," आणि निघून गेला. रेव्हरंडनी दुरूनच हात हलवला. त्यांचा घसा बसला होता.

गाड्यांच्या आवारात व्हर्डेल गाडी सुरू करून बसली होती. लेम्युएल बॉनेटला टेकून उभा राहिला, आत बसण्याइतकं बळ गोळा करत. पाहुण्यांची बस पलीकडे घरघरत होती. तिच्यातून एक माणूस उतरला आणि टोपी काढत त्याच्याकडे आला. रॉस्को बिब.

"काका, जरा बोलू का?"

"बोला. जिंकलात, बोलायचा हक्क आहे."

"मी चोरून ऐकलं नाही. घरच्या प्रार्थनेत आलं, मी काय करू? कान थोडेच बंद करणार!" तो अडखळला. "ते नाही विचारायचं. तो तिसरा टप्पा. वीस वर्षं मी हेच काम करतोय. माझ्या पोरांना आधी सगळं सांगून ठेवलं होतं, तरी चेंडू वर उठला तेव्हा मला वाटलं, गेला आता. तो उठतो कसा? पहिले दोन खाली दबतात आणि तिसराच कसा उठतो?"

लेम्युएलने त्याच्याकडे बघितलं. मग मैदानाकडे बघितलं. तिकडे दिवे एकेक करून मालवत होते.

"लेम!" व्हर्डेलने काच खाली केली. "एक शब्द बोलू नकोस! तो पुढच्या वर्षी आपल्यावरच मारेल ती! अरे, बुधवारी देवाला सांगायलासुद्धा जड जात होतं तुला!"

"हो गं," लेम्युएल म्हणाला.

बसमधल्या पोरांनी हॉर्न दाबला. बिब हलला नाही.

लेम्युएलने कोटाची बटणं काढली, कोट बॉनेटवर ठेवला आणि बाह्या वर सरकवल्या.

"मारताना चेंडूची शिवण कोणत्या बाजूला ठेवता तुम्ही?" त्याने विचारलं.

"समोर. सगळेच ठेवतात."

"तिथेच चुकतं," लेम्युएल म्हणाला. "बसमधून एक चेंडू आणा. आणि त्या ड्रायव्हरला म्हणावं, इंजिन बंद कर. वेळ लागेल."