पहिल्या धारेचं टेबल

सांगून कुणाला पटणार नाही, पण आमचं चीजचं टेबल एकदा चक्क झिंगलं होतं! मिलोयको, दात काढू नकोस. शेजारी आहेस, शेजाऱ्यासारखा ऐक.

माझ्या बायकोचं, दोब्रिलाचं चीज शनिवारच्या बाजारात विकायचं, तर आधी तपासणीवाली बाई येऊन टेबल पास करणार. नापास झालं की बाजार बंद. तिनं मला बजावलं, "म्हाताऱ्या, आधी साबणानं घासून दुधाचा थर काढ. मग पातळ केलेलं ब्लीच लाव. लगेच पुसू नकोस, थोडा वेळ ओलं राहू दे, मग धू. आणि त्यात व्हिनेगर मिसळलंस तर टेबलाआधी तूच गार होशील!"

मी मनात म्हटलं, ब्लीच? ज्या घरात घसा दुखला तरी आलुबुखाराची राकिया, गुडघा धरला तरी राकिया, सासू रुसली तरी राकिया, त्या घरात ब्लीच? पहिल्या धारेची आपण पीत नाही, अंगाला चोळायला ठेवतो. तीच ओतली. साबण-बिबण काही नाही! कमी पडली म्हणून वर प्यायचीही ओतली.

झालं! दारू लागताच दुधाचा थर असा घट्ट बसला की खरवडायला घेतलेली सुरीच वाकली. माश्या आल्या, टेकल्या आणि गळ्यात गळे घालून गायला लागल्या. टेबलाचा एक पाय उचलला गेला, मग दुसरा. शेवटी मी त्याला भिंतीला टेकवून उभं केलं.

एवढ्यात बाई दारात! आता पाहुण्याच्या हातात पेला दिल्याशिवाय कामाचं बोलायचं कसं? आणि घरात राकियाचा थेंब नाही! अख्ख्या सर्बियात असं घर नसेल. तेवढ्यात फळीवर पाण्याची जुनी बाटली दिसली. राकिया तरी आपण दुसऱ्या कशात भरतो? मी खुशाल पेला भरला.

"म्हाताऱ्या!" दोब्रिला अशी किंचाळली की अंगणात कोंबड्यांनी उभ्या उभ्या अंडी टाकली. "ते मी कालवलेलं ब्लीच आहे!"

बाईंनी पेला नाकापासून लांब धरला. मग टेबलाचा वास घेतला.

"काका, पाहुण्याला ब्लीच आणि टेबलाला राकिया?"

"ताई, टेबल वयानं मोठं आहे."

बाईंनी कापसाचा बोळा टेबलावर फिरवला. बोळा डुलायला लागला! बाई म्हणाल्या, "काका, इतकं निर्जंतुक टेबल मी जिल्ह्यात पाहिलं नाही!" आणि तिथल्या तिथे पास!

मिलोयकोनं तोंडातला घास कसाबसा गिळला.

"पास ना? मग काका, आज शनिवार. भर बाजाराच्या वेळी तुम्ही दोघं घरी बसून मला चीजचं हे तिसरं ताट फुकट का चारताय?"