थोरली, धाकटी आणि रघूतांडेल

या, जरा जवळ या बघू. पुस्तक असं हातभर लांब धरून वाचायची ही काय रीत झाली? मी काही भाषणाला उभी नाही. दुकानातल्या तांदळाच्या गोणीला टेकून बोलते आहे. आणि आधी एक सांगा, गेल्या खेपेला बोईसरला लग्नाला आलात, जेवलात, आहेर केलात आणि तसेच माघारी गेलात? नवापूर तिथून एका एसटीचं अंतर. इकडे मी कालवण झाकून ठेवून रस्त्याकडे बघत बसलेली. असो, रागावले नाही. पण आला असतात तर तुम्हाला रघूतांडेल भेटला असता, आणि हे सगळं लिहायचं माझं काम वाचलं असतं.

तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा मुख्य माणूस. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं त्याच्या शब्दावर. आमच्या शेजारच्या रघूने उभा जन्म हे काम केलं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तशी बोट पुतण्याच्या हाती दिली. तांडेलपण मात्र काही अंगावरून उतरलं नाही.

हा माणूस कुठल्याही वाहनात सरळ चढत नाही. एसटी उभी दिसली की आधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो. बोटं वाकवून पत्रा ठोकतो, कान लावतो, दोन पावलं मागे होऊन गाडी कुठल्या अंगाला कलली आहे ते बघतो. मग ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन विचारतो, "तांडेल कोन?" ड्रायव्हरने आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं, मुलंबाळं किती ते सांगायचं, तेव्हा कुठे ह्याचा पाय पायरीवर पडणार. मागे लोक खोळंबले तरी त्याला काही नाही. बोईसर स्टेशनबाहेरच्या एका टेंपोवाल्याने एकदा वैतागून विचारलं होतं, "चाचा, गाड़ी में बैठना है या गाड़ी से रिश्ता करना है?" रघूने त्याचंही गाव विचारून घेतलं, आणि ते समुद्रापासून फार लांब आहे असं कळल्यावर पुढच्या टेंपोत बसला.

एकदा गाडी सुटली की मात्र हा दगडासारखा गप्प, आणि इतरांनीही तसंच बसावं ही अपेक्षा. एकदा एक बाई चालत्या गाडीत ड्रायव्हरशी भाचीच्या स्थळाबद्दल बोलायला लागली. रघूने दोनदा खाकरून बघितलं. मग वाटेतल्या पाम गावाला उतरला आणि भर उन्हात घरापर्यंत चालत आला. त्याची बायको, सगळ्या गावाची यसूकाकी, माहेर एडवणचं. तिने कपाळावर हात मारून घेतला. तर हा म्हणतो, "काय इचारायचं ते सुटायच्या आधी. सुटल्यावर कामावरल्या मानसाचं ध्यान मोडायचं नाय. ध्यान मोडलं का हात हलतो."

तर अशा माणसाच्या दारात, नव्वद साल उलटल्यावर कधीतरी, एकदम दोन जहाजं येऊन उभी राहिली.

रघूचा मुलगा विष्णू एका परदेशी कंपनीच्या जहाजावर नोकरीला होता. मालाचं जहाज नव्हे. बायकापोरांसकट कुटुंबंच्या कुटुंबं नुसती मजा करायला फिरतात ना, तसलं. कंपनीची अशी दोन जहाजं त्या थंडीत मुंबईहून गोव्याला जाऊन परत यायच्या फेऱ्या करणार होती, आणि कामावरच्या माणसांच्या आईबापांना एक फेरी फुकट. दोनातलं कुठलं जहाज, ते दिवाळीच्या आत कळवायचं. सुट्टीवर आलेल्या विष्णूने दोन्हींची चकचकीत चित्रांची पुस्तकं बापाच्या हाती दिली. जहाजांची नावं इंग्रजी, लांबलचक. रघूने पहिल्याच दिवशी नवी ठेवली. मोठी ती थोरली, लहान ती धाकटी.

विष्णू होता धाकटीवर. काम काय, तर "सुकाणूजवळ असतो" असं त्याने गावाला सांगितलेलं. सांगताना जमिनीकडे बघायचा, पण पोरगा मुळातच लाजरा, त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. त्याच सुट्टीत त्याच्या चुलतभावाचं लग्न निघालं. पंगतीला वाढायला माणसं कमी पडली, तसा विष्णू उठला. भरलेली चार ताटं एका हातावर रचली, दुसऱ्या हातात पाण्याचा जग घेतला आणि पोरांच्या घोळक्यातून असा सरकत गेला की वरणाचा थेंब सांडला नाही. पंगत जेवायची थांबली. बायकांनी टाळ्या पिटल्या. "जहाजावर सगळंच शिकवतात," असं म्हणून विष्णू कानापर्यंत लाल झाला. रघू रांगेच्या शेवटाला बसला होता. त्या दिवशी त्याने विष्णूकडून वरण दोनदा मागून घेतलं. एरवी तो वरणाला शिवत नाही.

विष्णू परत गेला आणि इकडे परीक्षा सुरू झाली. मुलीला स्थळं बघताना लोक करत नसतील एवढी चौकशी. थोरलीच्या छपरावर पोहायचा तलाव होता. रघू ते चित्र घेऊन घरोघर हिंडला. "आमी बोटीत पानी आलं का उपसून भाईर टाकतो. हे लोक वरती नेऊन भरतात. हाय का नाय गंमत?" धाकटीवरही तलाव होता, पण आकाराने लहान. "तेवढं आमच्या बोटीतबी असायचं," म्हणून त्याने तिला माफ केलं. थोरलीच्या पोटात लिफ्ट होती, आरशांची खोली होती, नाचायची जागा होती. मासळी ठेवायची जागा मात्र दोन्ही पुस्तकांत कुठेच सापडेना. "मग येवढी बोट चालवतात कशाला?" असं तो भेटेल त्याला विचारत सुटला.

दोन्हीकडच्या कप्तानांचे फोटो होते. थोरलीचा दाढीवाला, गंभीर. धाकटीचा दात दाखवून हसत होता. रघूला हसणारा तांडेल पसंत नव्हता, पण तिथेही धाकटीची बाजू घेऊन तो म्हणाला, फोटो काढताना बोट बंदरात असेल. यसूकाकीचं एकच म्हणणं, ज्या बोटीवर मला सुकट भाजू देतील ती माझी.

चित्रांवरून अंदाज येईना, तेव्हा रघूने ओहोटीला किनाऱ्यावर काठीने दोन्ही जहाजं आखली. खरोखरीच्या मापाने. धाकटी सुरूच्या झाडांपासून देवळापर्यंत मावली. थोरली त्याच्याही पुढे गेली आणि तिचं बूड समुद्राकडे वळवावं लागलं. आतल्या खोल्या, जिने, जेवायची जागा, सगळं वाळूत काढलं. सगळा गाव जहाज बघायला लोटला. म्हाताऱ्या धाकटीच्या खोलीत आडव्या पडून बघत होत्या. बाजारातून टोपली रिकामी करून आलेल्या बायका नेहमीच्या वाटेने निघाल्या, तर रघू काठी उगारून ओरडला, "अगं, इंजिनातून कुठं चालल्या? भाजाल की. दारातून या." आणि खरं सांगते, आम्ही सगळ्या वळसा घालून वाळूतल्या दारातून आत गेलो. मी वाकूनसुद्धा गेले. का वाकले ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी भरती आली आणि थोरली अर्धी पुसून गेली. रघूला मनापासून आनंद झाला. "बघितलं? बुडाली." कोणीतरी म्हणालं, तांडेल, तुमीच तिला पान्यात काढली. त्याने ऐकलं नाही.

आता फोनचं सांगते. त्या वेळी आमच्या आळीत फोन माझ्या दुकानात होता. विष्णूचा फोन रविवारी सकाळी यायचा, तेव्हा रघू आधीच येऊन बसलेला असायचा. गाव धरून चाललं होतं की निवड धाकटीचीच होणार, मुलगा तिथे आहे म्हटल्यावर प्रश्नच काय. पण विष्णू दर खेपेला थोरलीचीच गाणी गायचा. जेवण तिथे चांगलं, आईला लिफ्ट आहे, खोलीला खिडकी आहे. हा इकडून नावं ठेवायचा, तो तिकडून गुण गायचा. मला वाटायचं, किती गुणी पोर, आईबापांसाठी भारीतलं मागतो आहे.

दिवाळी तोंडावर आली. त्या रविवारी विष्णूने विचारलं, बाबा, आज नाव द्यायचं आहे, कुठली? रघूने फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "थोरली." पलीकडून विष्णूने सोडलेला सुस्कारा मला काउंटरच्या ह्या बाजूला ऐकू आला.

फोन ठेवल्यावर मी त्याला सोडला नाही. म्हटलं, "रघूदादा, तुमचं डोकं फिरलंय का? सगळ्या गावाला वाळूत लोळवलंत, थोरलीला बुडवलीत, आणि आता तिच्यातच बसणार? पोरगा धाकटीवर आहे ना?"

रघू माझा काउंटर बोटांनी हळूहळू ठोकत होता. म्हणाला, "शालू, पोरगा सुकाणूजवळ नाय. ताटं उचलतो. लग्नात बघितलास ना हात? तो हात रोजच्या कामाचा. आपल्याला सांगायला लाजतो. मग बाप जाऊन समोर बसला तर ध्यान मोडंल त्याचं. ध्यान मोडलं का हात हलतो." आणि सुपारीचा तुकडा तोंडात टाकून, जणू काही भाव विचारायला आला होता, असा निघून गेला.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पुढच्या रविवारी रघू यायच्या आधीच फोन वाजला. मी विष्णूला शब्द न् शब्द सांगून टाकला. तो म्हणाला, "मावशी, बाबांना सांगा, माझा हात हलत नाही. मी जहाजाचं नाव बदलून घेतो. धाकटीवर या म्हणावं. माझ्याच टेबलावर बसा."

रघू आल्यावर मी निरोप दिला. त्याने फोनच्या स्टुलाभोवती एक फेरी मारली, फोनला दोन टिचक्या दिल्या आणि घरी जाऊन यसूकाकीला सुकटीची पुडी बांधायला सांगितली.

पुढचं यसूकाकीने सांगितलेलं. मुंबईला बंदरात जहाजाभोवती फेरी मारता येईना, म्हणून रघू हिरमुसला होता. आत गेल्यावर जेवायच्या मोठ्या दालनात विष्णू पांढऱ्या कोटात उभा. जहाज अजून सुटायचं होतं. रघू टेबलाभोवती फिरला, टेबल ठोकून बघितलं, आणि मग सगळ्या पाहुण्यांसमोर आपल्याच पोराला विचारलं, "तांडेल कोन?"

यसूकाकी म्हणते, मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण विष्णू ताठ उभा राहिला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी. विष्णू रघुनाथ. गाव नवापूर. मुलंबाळं नायत, लगीन तुमी ठरवाल तवा." मग रघू खुर्चीवर बसला.

जहाज सुटलं. वाटेत वारा होता, जहाज हलत होतं, अर्धे लोक खोलीत जाऊन आडवे झाले. ह्याने गोव्याहून परत येईपर्यंत जेवताना मुलाशी एक अक्षर काढलं नाही. यसूकाकीचा अजून राग गेलेला नाही. एवढं लांब गेलो आणि बाप पोराशी बोलला नाही, म्हणते.

परत आल्यावर मी रघूला विचारलं, तलाव बघितला का, आरशांची खोली बघितली का, तो हसणारा कप्तान भेटला का. त्यातलं ह्याला काही धड सांगता येईना. तो आपला उजवा हात समोर आडवा धरून त्याच्याकडेच बघत होता, त्यावर काही ठेवल्यासारखा.

"हलला नाय गं, शालू," म्हणाला. "येवढ्या वाऱ्यात. येक थेंब नाय सांडला."

आता रघूदादा थकला आहे. दुपारी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसतो, येणाऱ्या एसटीकडे बघत. म्हणून म्हणते, लवकर या. ह्या खेपेला बोईसरहून मागे फिरू नका, कालवण मी गरम ठेवते. फक्त गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरचं नाव, गाव आणि मुलंबाळं विचारून ठेवा. उतरल्या उतरल्या तो तुम्हाला विचारणार आहे.