लाल पानाचा पंचनामा

निनावे आडनावाचे काकाजी माझ्या टपरीवर पोहे खायले येते, तेव्हा खिशात वजन घेऊन येते. लोखंडाचं, दोनशे ग्रामचं. पोह्याची प्लेट हातात आली का एका तळहातावर प्लेट, दुसऱ्यावर वजन, अन् डोळे बंद. नवीन गिऱ्हाईकाले वाटते बुवा तर्रीची, म्हणजे पोह्यावरच्या तिखट रश्श्याची, पूजा करून राहिले. मग डोळे उघडते अन् सगळ्या गल्लीले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणते, "पप्पू, दहा ग्राम कमी."

आता तर्री-पोहे जगात कोणी ग्रामवर विकते का? पण काकाजी वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. खात्यानं त्यायले रिटायर केलं, पण त्यायनं खात्याले काही सोडलं नाही. आमच्या महाल वस्तीतल्या भाजीवाल्यायले पहिला प्रश्न अजूनही तोच, "शिक्का कुठाय?" वजनावर सरकारी शिक्का पाहिजे, शिक्क्याची मुदत चालू पाहिजे. मुदत संपली का काकाजीच्या लेखी ते वजन नाही, दगड आहे. एकदा डॉक्टरनं त्यायले वजनकाट्यावर उभं केलं, तर यायनं काटाच उलटा केला. म्हणे, "डॉक्टरसाहेब, यावर शिक्का नाही. मी बासष्ट किलो आहो हे मी मानत नाही."

अशा माणसानं कॉम्प्युटर घेतला. अन् मदतीले माणूस कोण निवडला? मी! मी सातवी नापास. तेही खोटं आहे, सहावीतच सोडली, सातवी इज्जतीसाठी सांगतो. पण टपरीच्या बाजूले मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, अन् रोज त्याच्या सावलीत बसतो म्हणून लोकायले वाटते मले बी येत असन. मी बी नाही म्हणत नाही. फुकटची इज्जत कोण वापस करते?

काकाजीले ब्राउझर भल्ला आवडला. कोणतीही साईट उघडली का पहिले वर पत्त्याजवळचं कुलपाचं चित्र दाबून पाहणार. सर्टिफिकेट कोणी दिलं, कधीपासून कधीपर्यंत. बातम्या नाही वाचत, बातमीवाल्याचा शिक्का वाचते. म्हणे, "हा ब्राउझर आपल्या खात्यातला माणूस आहे गा. फक्त हप्ता खात नाही."

उन्हाळ्यात एका सकाळी, ऐन गर्दीच्या टायमाले, काकाजी बनियनवरच टपरीवर आले. "पप्पू, चाल. लाल पान आलं."

"काकाजी, गिऱ्हाईक उभे आहे."

"त्यायले बी दहा ग्राम कमीच देशील. चाल."

गेलो. पाहतो तर खरंच, स्क्रीनवर लाल तिकोन, अन् खाली लिहिलं का तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही, सर्टिफिकेटच्या तारखेत गडबड आहे. वर साईटचं नाव होतं. चटण्या अन् मुगवड्या विकणारी साईट.

"कोणाची साईट आहे काकाजी?" मी मुद्दाम विचारलं.

"असन कोणाची. मले काय माहीत? चटणी पाहून राहिलो होतो."

साईट त्यायच्या पोरीची होती, वैशालीची. हे अख्ख्या महालले माहीत होतं. फक्त काकाजीले वाटे का कोणालेच माहीत नाही. वैशालीले सरकारी नोकरी होती. ती सोडून तिनं वर्ध्याले जवसाची चटणी, मुगवड्या, सांडगे बनवणं सुरू केलं, इंटरनेटवर विकणं सुरू केलं. काकाजी म्हणे, "पक्की नोकरी सोडून मिरच्या कुटतं वं?" ती म्हणे, "हो, कुटतो." तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नाही. काकू गेल्यावर तर घरात बोलायलेच कोणी राहिलं नाही.

मी आपली डॉक्टरी सुरू केली. पहिले कॉम्प्युटरची घडी, म्हणजे त्यातला टाईम, पाहिला, कारण दुकानातला पोट्टा म्हणते का घडी चुकली का असं लाल होते. घडी बरोबर होती. मी ती दुरुस्त करायच्या नादात चुकवली, तर जे बाकीचं चालू होतं ते बी लाल झालं. काकाजीनं कपाळावर हात मारला अन् घडी वापस लावली. मग मी ब्राउझरची साफसफाई केली. त्यात काकाजीचे सगळे पासवर्ड धुतल्या गेले. मग वायफायचा डब्बा बंद-चालू केला. चुकून फ्रिज बी बंद केला. दूध नासलं ते संध्याकाळी कळलं.

"तू दुरुस्ती करून राहिला का सूड घेऊन राहिला बे?" काकाजी म्हणाले.

मग त्यायनं स्वतः पंचनामा सुरू केला. "पहिले हे ठरव का दोष आपल्या घरात आहे का समोरच्याच्या." माझ्या मोबाईलवर तीच साईट उघडली. लाल. शेजारच्या देशपांडे वहिनीच्या मोबाईलवर, लाल. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे, लाल. मग बाकीच्या साईटी पाहिल्या, त्या चालू. काकाजी कुर्सीवर बसले. "म्हणजे दोष तिकडे आहे. तिच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. तिनं नवीन केलं नाही."

"एवढंच ना? हे पाहा, खाली बटन आहे. असुरक्षित असलं तरी पुढे जा म्हणते." मी बोट नेलं.

काकाजीनं बोटावर फटका दिला. "आपण जाऊ बे पुढे. गिऱ्हाईक जाईन का? वाळवणाचा सीझन आहे. बाई मुगवड्या घ्यायले येईन, लाल पान पाहीन, म्हणन का चोराचं दुकान आहे, अन् पळून जाईन. पोरीचा अख्खा सीझन जाईन अन् तिले कळणारच नाही का गिऱ्हाईक कुठं गेलं."

'पोरीचा' म्हणून बसले अन् मग एकदम पंख्याकडे पाहायले लागले. मी बी पंख्याकडे पाहिलं. पंखा चांगला होता.

"मग फोन करा ना तिले."

"मी काहून करू? तू कर. गिऱ्हाईक म्हणून कर."

"नंबर?"

काकाजीनं डोळे बंद केले अन् नंबर सांगतला. घडाघडा, एका दमात. त्यायले स्वतःचा नंबर पाठ नाही, मले विचारते.

मी फोन स्पीकरवर ठेवला. तिकडून खलबत्त्याचा आवाज, मग वैशाली. "बोला."

"मॅडम, मी गिऱ्हाईक बोलून राहिलो. तुमच्या साईटवर लाल पान येऊन राहिलं."

"अगं बाई! कधीपासून?"

मी काकाजीकडे पाहिलं. काकाजी हळूच म्हणाले, म्हणजे त्यायच्या हिशोबानं हळूच, "सकाळपासून. मुदत संपली म्हण. साईटवाल्या कंपनीले आजच सांग म्हण. अन् पुढच्या वेळी आठवण लावून ठेव म्हण."

मी तसंच बोललो. तिकडचा खलबत्ता थांबला.

"भाऊ, मागून कोण बोलून राहिलं?"

माझं डोकं अशा वेळी भल्लं चालते. म्हणलो, "टीव्ही आहे मॅडम."

तिकडून बत्ता खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "लगेच करून घेतो. अन् भाऊ, तुमच्या त्या टीव्हीले सांगा, बीपीची गोळी उपाशीपोटी नका घेऊ म्हणा. चक्कर येते त्याले."

काकाजी उठले अन् आत गेले. माठावर गिलास आपटल्याचा आवाज आला. पाणी प्यायले बहुतेक. लय वेळ पीत होते.

दुपारून साईट चालू झाली. काकाजीनं कुलूप दाबून तारखा पाहिल्या, "शिक्का तीनच महिन्याचा दिला कंजूषायनं," एवढंच म्हणाले, अन् मले हाकललं. मी समजलो, विषय संपला. आमच्यासारख्या एक्स्पर्टचं काम झालं का कोण विचारते?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी टपरीवर आले. आज बनियनवर नाही. धुतलेला शर्ट, केसायले तेल. पोहे मागितले नाही. बाकावर बसले, उठले, वापस बसले.

"फोन लाव गा."

"काहून? आता तर साईट मस्त चालू आहे काकाजी."

"साईटचं नाही." त्यायनं शर्टाची वरची गुंडी लावली. "टीव्हीले बोलायचं आहे."