सासऱ्यांच्या कपाळावरचा हात

सासूबाईंसमोर तोंड उघडायचं नाही, हा माझा लग्नापासूनचा नियम. तो मी एका रविवारी मोडला आणि प्रकरण थेट सासऱ्यांच्या अंगाशी आलं. (ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी.)

भिंतीवरचा त्यांचा फोटो विटत विटत मिशीपुरता उरला होता. सासूबाई त्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "ह्यांचा चेहरा आता मलाही नीट आठवेनासा झालाय हो."

मला भडभडून आलं. म्हणालो, "मी प्लॅटिनम प्रिंट काढून देतो. कागद टिकेल तोवर चित्र विटत नाही!"

"तुम्ही?" बायको म्हणाली. (त्या एका शब्दात आमचा सगळा संसार आला.)

सासूबाईंनी ट्रंकेतून सासऱ्यांची ताटाएवढी काचेची निगेटिव्ह काढून दिली. माझ्या फोटो छापायच्या छंदातलं प्लॅटिनमचं द्रावण एकाच कागदापुरतं उरलं होतं आणि नवं आणायची ऐपत नव्हती. खोलीचे पडदे ओढून मी ते ब्रशने कागदाला लावलं, वाळवलं, वर ती काचेची निगेटिव्ह ठेवली, फ्रेम आवळली आणि गॅलरीत ठेवली. ह्या छपाईला ऊन लागतं; जिथे ते पोचत नाही, तिथे कागद पांढराच राहतो. "जरा लक्ष ठेवा," असं सासूबाईंना सांगून मी रसायन गरम करायला आत गेलो.

परत येतो तो काय, सासूबाई फ्रेमशेजारी बसलेल्या आणि तळहात काचेवर.

"अहो, हे काय?"

"ह्यांना ऊन सोसायचं नाही. कपाळ तापलं होतं, म्हणून हात ठेवला."

"कधीपासून?"

"तुम्ही आत गेल्यापासून."

मी फ्रेम उचलून आत नेली. कागद ट्रेमध्ये ठेवून रसायन ओतलं. सासरे क्षणात उमटले. डोळे, मिशी, कोटाची बटणंसुद्धा. आणि कपाळावर पांढरा हात, कडा जराशा पुसट. डावा कान मात्र आलाच नव्हता, कारण तिथवर माझा ब्रश पोचला नव्हता.

सासूबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. "तापात अशीच हात ठेवून बसायची मी," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मला आयुष्यात एक तरी काम धड झालं, असं वाटलं.

आता तो फोटो दिवाणखान्यात आहे. आल्यागेल्याला सासूबाई अभिमानाने दाखवतात, "हा हात माझा. कान तेवढा जावईबापू विसरले."

आणि हे चित्र कधी विटत नाही, हे मीच सगळ्यांना सांगून बसलोय.