आईसाहेब गोजराबाईंच्या मुदपाकखान्याचे बांधणीची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. जिचे कृपेने निखारा हात पोळीत नाही आणि भात करपत नाही, तिचे पायी मस्तक ठेवोन हे वर्तमान लिहिले ऐसे. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी राज्यावर हैबतराव महाराज होते. राज्य लहान, परंतु नांदते होते. महाराजांच्या मातुश्री गोजराबाईसाहेब; थोरले महाराज कैलासवासी जाहले तेव्हा त्यांणी जडजवाहीर, किल्ल्या, शिक्का सर्व लेकाचे हवाली केले आणि एक मुदपाकखाना मात्र आपणापाशी राखिला. आचारी दरबारचा स्वयंपाक करीत, पण महाराजांचे ताटातली आमटी आणि खीर आईसाहेबांचे हातचीच असावी, ऐसा शिरस्ता. सूनबाई मैनाबाईसाहेब भाजी निवडून देत, चुलीपाशी त्यांस वाव नव्हता.

मग ऐसे जाहले की, एके दिवशी महाराज आपण होऊन मुदपाकखान्यात आले आणि पाहतात तो धूर कोंडला आहे, वाशांवरोन काजळी गळत आहे आणि मातुश्री पदर तोंडास लावोन खोकत आहेत. महाराजांनी दार सताड उघडिले. म्हणाले, "आईसाहेब, हे आता पाडू. नवे बांधू, धुराडे ठेवू, उजेडास मोठी खिडकी ठेवू." आईसाहेब एकदम कडाडल्या, "माझी चूल, माझा धूर. माझे डोळे मिटेतो इथल्या विटेस हात लावशील तर माझ्या हातचे जेवणे विसर!" महाराज थक्क जाहले, मग त्यांसही राग आला आणि सदरेवर जाऊन धर्माजी गवंड्यास आज्ञा केली की, चैत्रापूर्वी नवा मुदपाकखाना उभा राहिला पाहिजे. लोक म्हणो लागले, थोरल्या बाईसाहेब हट्टास पेटल्या. आंतले वर्म कोणास ठाऊक नव्हते. दोन वर्षे जाहली, बाईसाहेबांचे डोळ्यांपुढे पातळ ताक ओतल्यासारखे पांढरे दिसे आणि दिवसेंदिवस ते दाट होत चालिले होते. जुन्या मुदपाकखान्यात मिठाची बरणी डावे हाती, हिंगाची डबी वरल्या कोनाड्यात, चुलीचे वैलापासोन पाण्याचा रांजण चार पावलांवर, हे हातापायांस पाठ होते, म्हणोन निभत होते. नवे घर म्हणजे नवा मुलूख. तेथे चाचपडताना कोणी पाहिले म्हणजे चूल गेली, आणि मग कोपऱ्यात माळ ओढीत बसावे, ही धास्ती त्यांणी कोणापाशी बोलोन दाखविली नव्हती.

पुढे धर्माजीने नकाशा काढिला. महाराजांचा राग तोवर निवाला होता, त्यांणी मातुश्रीस सदरेवर सन्मानाने बोलाविले आणि कागद त्यांचे हाती देऊन म्हणाले, "आईसाहेबांनी पाहावे आणि काय बदलावे ते सांगावे." बाईसाहेबांनी कागद धरिला, डोळ्यांपाशी नेला, मान डोलाविली आणि म्हणाल्या, "ठीक दिसते." कागद उलटा धरिला होता. एक सरदार मिशीत हसला, महाराज काही बोलणार, तोच चिकाच्या पडद्याआडोन मैनाबाईसाहेबांचा आवाज आला, "आईसाहेब परसाकडल्या दारातून शिरतात ना, त्या बाजूनेच पाहताहेत. गवंड्यांनी दार पुढे काढले, चूक त्यांची आहे." धर्माजीने कानाची पाळी धरोन चूक पदरी घेतली आणि प्रसंग निभावला. परंतु बाईसाहेब महाली परतल्या आणि दार लोटोन घेतले. मनी म्हणाल्या, हिने ओळखले. आता हीच चूल मागेल.

दुसरे दिवशी सकाळी मैनाबाईसाहेब आल्या आणि म्हणाल्या, "आईसाहेब, त्या कागदावरचे मला काही उमगत नाही. म्हणून परसात विटा मांडून घेतल्यात, नव्या घराएवढ्याच. ओटा आहे तिथे ओटा, दार तिथे दार. जरा चालून पाहता का?" बाईसाहेब उठोन परसात आल्या. मग जोडे काढोन अनवाणी त्या विटांमध्ये शिरल्या आणि पायाचे अंगठ्याने कड धरोन चालो लागल्या. दारापासोन चूल, चुलीपासोन रांजण, तेथोन फडताळ, ऐशा दोन फेऱ्या जाहल्या आणि तिसरीस बाईसाहेबांचा आवाज मोकळा जाहला. "ही पायरी कुणी घातली? तापले भांडे घेऊन इथे मी उलथीन की! काढा ती. रांजण अलीकडे घ्या. आणि ओट्याला कड ठेवा, बोटाला कळली पाहिजे." विटा उचलल्या जात होत्या, मांडिल्या जात होत्या, आणि बाईसाहेबांस मौज वाटो लागली, ऐसे हुकूम सोडोन त्यांस बहुत दिवस जाहले होते.

मग सूनबाईचा हात धरोन त्यांणी हळूच पुसिले, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"गौरींपासून," मैनाबाईसाहेब म्हणाल्या. "दासीने बरण्या धुऊन अदलाबदल ठेवल्या आणि तुम्ही खिरीत मीठ घातलेत."

"ती खीर तर मांजराने उष्टावली म्हणून तू टाकलीस!"

"मांजर नव्हतेच, आईसाहेब. त्या दिवसापासून रोज पहाटे मी आत जाऊन जिन्नस जागच्या जागी आहे की नाही पाहते. दासींना ताकीद आहे, बोटभर काही हलवायचे नाही."

"आणि महाराजांना का नाही सांगितलेस?"

"ते तुम्ही सांगायचे. माझ्या तोंडून गेले असते तर चहाडी झाली असती."

बाईसाहेब तेथेच विटांच्या ओट्यावर बसल्या. आपण जीस उंबऱ्याबाहेर राखिले, तीच आपले राज्य पहाटे उठोन राखीत होती, हे मनात येताच त्यांणी सूनबाईचे मुखावरोन दोन्ही हात फिरविले आणि कानशिलांवर बोटे मोडिली.

मग उठोन, सूनबाईचे खांद्यावर हात ठेवोन सदरेवर गेल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "हैबतराव, माझे डोळे गेलेत. कागद उलटा मीच धरला होता, गवंड्याला बोल नको." महाराज गादीवरोन उतरले, मातुश्रीचे पायी डोके ठेविले आणि रडो लागले, आणि म्हणाले, "आता विस्तवापाशी जाऊ नये. मला भय वाटते." तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "भय मलाही होते. चल, दाखवते." आणि लेकास परसात नेऊन विटांमध्ये उभ्या राहोन, कोठे चूल, कोठे चिमटा, कोठे पाणी, न अडखळता हात लावोन दाखविले. महाराज पाहत राहिले, आणि मग धर्माजीस आज्ञा जाहली की, आईसाहेबांचे पाय सांगतील तैसे बांधावे.

चैत्री पाडव्यास नव्या चुलीवर पहिले दूध उतास गेले आणि बाईसाहेबांनी खीर केली. धूर धुराड्यातोन सरळ वर गेला. पाट मांडिले, महाराज बसले, परंतु बाईसाहेब वाटी घेऊन त्यांचेपाशी न थांबता पुढे गेल्या, सूनबाईस हात धरोन पाटावर बसविले आणि म्हणाल्या, "आधी तू. आणि साखर कमी असेल तर खरे सांग." मैनाबाईसाहेबांनी घास घेतला. लगेच पदराआड तोंड केले. महाराज म्हणाले, "काय झाले? मीठ पडले का?" तेव्हा आईसाहेब इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले.

सारांश, दृष्टी परत आली नाही, वैद्यांचे उपाय चालिले नाहीत; परंतु बाईसाहेब पुढे अनेक वर्षे त्या चुलीपाशी सूनबाईसह सुखे रांधित्या जाहल्या. लिहिणाराने त्या खिरीची वाटी चाटोनपुसोन खाल्ली आहे, म्हणोन पदरचे न घालिता लिहिले. लेखनसीमा.