वासुदेवभाऊंचा ‘हंबर’

आमच्या गल्लीत वरात आली की वासुदेवभाऊ माईक घेऊन धावत सुटत आणि तो थेट घोडीच्या तोंडापुढे धरत. एकदा नवरदेवाला वाटलं, आपलीच मुलाखत आहे. तो फेटा सावरून बोलू लागला, तशी भाऊंनी त्याला दटावलं, “तू चूप राह्य गा जराकसा, घोडी बोलून राहिली!”

चाळीस वर्षं भाऊंचं इतवारी बाजारात भोंगे आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद केल्यावर त्यांनी घरातच जनावरांच्या आवाजांचा अल्बम करायला घेतला. रामटेकच्या पायऱ्यांवरची माकडं, बाजारातली डुकरं, गवळ्याची म्हैस, सगळे आवाज कॉम्प्युटरात घालून ते ताणत, फाडत, एकमेकांवर चढवत. बकरीचं बेंबें शेवटी चढावर अडकलेल्या ट्रकसारखं घुमे. ताल नाही, सूर नाही. कुणी कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, “गाणं नाही पाह्यजे मले. धक्का पाह्यजे.”

अल्बमचं नाव ‘हंबर’. तो इंटरनेटवर टाकला तेव्हा कुणीतरी खाली ‘भयंकर’ असं लिहिलं. भाऊंनी ते कौतुकच मानलं आणि पेढे वाटले.

पण रोज दुपारी शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरू लागल्या, तेव्हा सगळ्यांनी मला पुढे केलं. मी शाळेतली बाई, भाऊ माझं ऐकतील म्हणून.

दार उघडंच होतं. भाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी, जमिनीवर बसल्या होत्या. दोन्ही तळवे स्पीकरच्या मोठ्या पेटीवर, डोळे मिटलेले. मी दोनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. हल्ली त्या कुणाच्या हाकेला ओ देत नसत, म्हणून गल्लीने त्यांना कधीच गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं.

भाऊ मला दाराशी घेऊन आले.

“तिचे कान गेले, बाई. मशीनही कामी नाही येत. रोज डबा घेऊन दुकानात ये अन् दिवसभर बसून राहे. मी तिच्या बाजूलेच भोंगे वाजवून पाहो. डॉक्टर म्हणते, वयानं होते. पण मले मालूम हाये कान कोणं खाल्ले ते.” त्यांनी आतल्या पेटीकडे बोट दाखवलं. “भजन लावलं त हाताले काहीच नाही लागत म्हणे. हे लागते.”

आत म्हैस हंबरली. पेटी हादरली. वहिनींनी डोळे उघडले, मला पाहून हसल्या आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, “या ना बाई! आमच्या मायच्या घरची म्हैस अश्शीच आपल्या लहानग्या वगारीले बलावे.”

मी जाऊन बसले. भाऊ दारातच उभे राहिले.

“ते नाही येत,” वहिनी म्हणाल्या. “मले लावून देते अन् तिकडंच उभे राह्यते. त्यायले वाटते मी रागावली हावो.”

त्या उठल्या. भाऊंना मनगटाला धरून आत आणलं, आपल्याजवळ बसवलं. त्यांचा हात पेटीवर ठेवला आणि त्यावर आपला ठेवून पुन्हा डोळे मिटले.