स्ट्रायकरचा घसारा

"जगात अशी वस्तू नाही, जिची किंमत मला ठरवता येत नाही!"

अंदाजराव हे छातीठोकपणे सांगत. बावीस वर्षं त्यांनी जुन्या बसगाड्या, लेथ मशिनं, एकदा तर मध्येच अडकलेली लिफ्टसुद्धा तपासून भाव लावला होता. म्हणूनच हे टोपणनाव. त्यामुळे फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला, तेव्हा ते जराही बिचकले नाहीत. क्लबच्या स्ट्रायकरला शेजारच्या क्लबात जायचं होतं. त्याची किंमत ठरवायची, आणि विक्रीचे दोन टक्के अंदाजरावांचे!

पिशवीत नेहमीचा छापील फॉर्म होता. वापरलेल्या यंत्रांचा. दुसरा त्यांच्याकडे नव्हताच.

ड्रेसिंग रूममध्ये स्ट्रायकर बाकावर बसला होता. सेक्रेटरी शेजारी उभे.

"बनावटीचं साल?"

"काय?"

"वय रे, वय!"

"सव्वीस."

"म्हणजे घसारा आला." अंदाजरावांनी लिहिलं. "गळती?"

"सर्दी होते कधीकधी."

स्ट्रायकर चलाख होता. भाव पडला तर शेजारच्यांना परवडेल, हे त्याने लगेच ताडलं. "काका, डावा गुडघा कुरकुरतो. उजवा पाय तर नुसता शोभेला आहे."

अंदाजरावांनी गिअरबॉक्सला लावावा तसा गुडघ्याला कान लावला.

"खोटं बोलतोय!" सेक्रेटरी ओरडले. "सशासारखा पळतो!"

"गेल्या सामन्यात तीनदा पडलो की!"

"ते पेनल्टी मिळावी म्हणून, लबाडा!"

पण अंदाजराव ऐकेनात. किंमत तार तुटलेल्या लिफ्टसारखी खाली येऊ लागली. आकडा पाहून सेक्रेटरींना घाम फुटला. "अहो, एवढ्यात याचे बूटही यायचे नाहीत!"

शेवटचा रकाना उरला: विकण्याचं कारण. यंत्राला बोलता येत नाही, म्हणून हा रकाना ते नेहमी मालकाला विचारून भरत.

"मला कुठे विकायचाय? त्यालाच जायचंय!" सेक्रेटरी कळवळले.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच अंदाजराव यंत्राकडे वळले. त्यांना खरंच कुतूहल वाटलं. "का रे बाबा, का जायचंय?"

स्ट्रायकरने कोपऱ्यातल्या शॉवरकडे बोट दाखवलं. "दोन वर्षं गार पाणी. तिकडे गरम येतं."

"एवढ्यासाठी? मग बोलायचं नाही का?" सेक्रेटरी म्हणाले.

"सात वेळा बोललो, साहेब. सातही वेळा तुम्ही 'बघू' म्हणालात."

अंदाजरावांचा हात आपसूक गिझरकडे गेला. मेन स्विच बंद केला, झाकण उघडलं. एक वायर सुटली होती. पाच मिनिटांचं काम! थोड्या वेळात वाफा निघाल्या आणि आतून स्ट्रायकरचं गाणं ऐकू आलं. त्याने फाडलेला क्लब सोडण्याचा अर्ज बाकाखाली पडला होता.

"आणि माझे दोन टक्के?"

"कशाचे? विक्रीच झाली नाही!" सेक्रेटरी खुशीत होते. "बरं, आलाच आहात तर आंघोळ करून जा."

घरी बायकोने दार उघडलं. "अहो, केस ओले कसे?"

"फी मिळाली," अंदाजराव म्हणाले आणि टॉवेल शोधायला लागले.